सिंहगड तोच, वाट तीच, मग तीन आठवड्यांपासून एवढा दम का लागतोय?

पायवाट
सोमवार, रात्री १०:२०

मंडळी, गेली चार वर्षं जवळजवळ दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. वय ४६, वजन ७४ किलो. पहाटे साडेपाचला पायथा सोडायचा, साडेसहाच्या आत पुणे दरवाजा. मला ५२ ते ५५ मिनिटं लागतात. यात शौर्य काही नाही. सत्तरीचे एक आजोबा रोज मला मागे टाकतात, वर "दमानं या" असंही सांगून जातात.

पण गेले तीन रविवार काहीतरी बिनसलंय. पहिल्या लिंबू-सरबतवाल्याच्या बाकड्यापर्यंतच पोटऱ्या भरून येतात आणि छातीचा भाता होतो. ज्या वळणावर घड्याळात नाडी १४५ च्या आसपास दिसायची, तिथे आता १५८ दिसते, तेही हळू चालत असताना. काल ६८ मिनिटं लागली. दोनदा बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा बसलो.

ताप नाही, सर्दी नाही, खोकला नाही. बीपी, शुगर नाही. गुडघे ठणठणीत. बायको म्हणते वय झालं. पण वय तीन आठवड्यांत होतं का?

कुणाला असा अनुभव आहे का?


खवट खोबरं
सोमवार, रात्री १०:३१

होतं. माझं एका वाढदिवसाला झालं होतं.


कोल्हापुरी तांबडा
सोमवार, रात्री १०:४५

वर गेल्यावर पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी, मडक्यातलं दही दोनदा. चार वर्षांचं हे सगळं तुमच्याबरोबर गड चढतंय भाऊ.


पायवाट
सोमवार, रात्री १०:५२

@तांबडा, दही एकदाच. आणि वजन चार वर्षांत दोन किलो कमीच झालंय.


बे एके बे
सोमवार, रात्री ११:१५

हवा बघा की. पाऊस परतला, जमीन अजून ओली, वर आभाळ मोकळं. याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो आणि दुपारच्या उन्हाला शिव्या घालतो, पण चढणाऱ्याला मारते ती पहाटेची दमट हवा.

थोडा हिशोब करतो, चूक असेल तर सांगा. पायथ्यापासून वरपर्यंत साडेपाचशे मीटर उंची धरू. (गड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पुणे ५६० च्या आसपास, आणि पायथा पुण्यापेक्षा बराच वर.) ७४ किलोचा माणूस साडेपाचशे मीटर वर न्यायला निव्वळ काम होतं जेमतेम ९५ किलोकॅलरी. पण आपलं शरीर हे फार उधळं इंजिन. चार भाग इंधन जाळावं तेव्हा एक भाग काम होतं, बाकीच्या तीन भागांची उष्णता. म्हणजे पाऊण-एक तासात तीनशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता तुम्हाला अंगाबाहेर टाकायची आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे नुसत्या घामावर भागवायचं तर अर्धा लिटर घाम *वाळायला* हवा.

ग्यानबाची मेख त्या "वाळायला" मध्ये आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, नाकाच्या शेंड्यावरून टपटप खाली पडतो. खाली पडलेला घाम फुकट गेला. मग शरीर काय करतं? जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, गार व्हायला. तेच रक्त पोटऱ्यांनाही हवं असतं. हृदय एकच, गिऱ्हाइकं दोन. म्हणून नाडी वाढते. तुमच्या १४५ चे १५८ इथून आले असावेत.


ठाण्याची पळापळ
मंगळवार, सकाळी ६:०५

बे एके बे +१. आम्ही मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे दरवर्षी ऑक्टोबरात रडतो. शर्यत जानेवारीत, सराव मात्र घामाच्या डबक्यात. ऑक्टोबरमध्ये १२ किलोमीटरला ज्या वेगाने जीव जातो, त्याच वेगाने जानेवारीत गप्पा मारत २० होतात. पाय तेच असतात.

आणखी एक. दोन-तीन तास घाम गाळताना पाणी कमी पडलं की रक्तातलं पाणीही कमी होतं, प्रत्येक ठोक्याला हृदय थोडं कमी रक्त ढकलतं, ते भरून काढायला ठोके वाढतात. वेग तोच, रस्ता सपाट, तरी नाडी चढत जाते. घड्याळ बघून घाबरून मी एकदा घोडबंदर रोडवर रिक्षा केली होती.

तुम्ही वॉर्म अप करता का? गाडी लावली की थेट चढ? पहिली दोन-तीन मिनिटं स्नायूंची ऑक्सिजनची मागणी लगेच वाढते, पण पुरवठा रांगेत उभा असतो. ती उधारी नंतर छाती वसूल करते. दहा मिनिटं सपाटीवर चाला, मग चढाला लागा.


पायवाट
मंगळवार, सकाळी ९:३०

दोघांचे आभार. पण एक शंका. मी मे महिन्यात चढलोय, जुलैत धुक्यात, पायाखाली चिखल घेऊन चढलोय. गेल्या ऑक्टोबरातही चढलोय, नोंद आहे: ५६ मिनिटं. यंदाचा ऑक्टोबर १२ मिनिटांनी जास्त दमट कसा असेल?


बे एके बे
मंगळवार, सकाळी ९:४१

मान्य. माझं उत्तर तुमच्या प्रश्नाच्या चार आणे. बाकीचे बारा आणे दुसरीकडे शोधा.


अष्टमीची आई
मंगळवार, सकाळी १०:१०

नवरात्राचे उपास केलेत का? तीन रविवारांतला एक तरी त्यात आला असणार. मी नऊ दिवस एकभुक्त असते आणि सहाव्या-सातव्या दिवशी तिसरा मजलाही गड वाटतो. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा असतो तोच मुळी अर्धा किलोच्या आतबाहेर. तो भरला नाही की पाय शिशाचे.


पायवाट
मंगळवार, सकाळी १०:२५

उपास फक्त बसता-उठता. आणि आमच्याकडच्या उपासाला साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याची पुरी, वर खीर. साखरेचा साठा ओसंडून वाहत होता.


डॉक्टरकाका
मंगळवार, दुपारी २:०५

ओपीडी संपवून आलो. गंमत चालू द्या, पण आधी दोन-तीन प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरं हवीत.

चढताना छातीत दाब, आवळल्यासारखं, जळजळल्यासारखं वाटतं का? ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे, मानेकडे जातं का? बसल्यावर पाच मिनिटांत कमी होतं का? चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी? पाय सुजतात का? रात्री आडवं झाल्यावर धाप लागते का?

यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर हा धागा बंद करा आणि आधी ईसीजी काढायला जा. शेचाळिशीत "गॅस झालाय" म्हणून आलेले मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या काहींचा खरंच गॅस होता, काहींचा नव्हता.

दुसरं, नवीन औषध कुठलं सुरू झालंय का? बीपीसाठी, धडधडीसाठी, मायग्रेनसाठी? मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या घराण्यातली औषधं हृदयाला लगाम घालतात. नाडी वर जातच नाही आणि चढावर माणूस अडकतो. तुमची नाडी उलट वाढलीय, त्यामुळे ते वाटत नाही. तरी विचारतो.

तिसरं, गेल्या सहा आठवड्यांत ताप? डेंग्यू, चिकनगुनिया, कोविड, साधा व्हायरल? ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नसतं. डेंग्यूनंतर महिना-दीड महिना थकवा राहिलेले धडधाकट पोरगे येतात माझ्याकडे.


खवट खोबरं
मंगळवार, दुपारी २:११

घराण्याचं आडनाव लोल. वाईट बातमीत हसू आलं.


पायवाट
मंगळवार, रात्री ८:४०

काका, छातीत काहीही नाही. दाब नाही, दुखत नाही. नुसती धाप आणि जड पाय. औषध एकही नाही. ताप नाही, बायकोलाही विचारून खात्री केली. आज संध्याकाळीच ईसीजी काढून आलो, नॉर्मल आला.

झोपेचं विचाराल तर सप्टेंबर आमच्या धंद्यात जगायचा महिना नसतो. टॅक्स ऑडिट. महिनाभर रात्री एक-दीडपर्यंत एक्सेल. शनिवारीही. रविवारी चारला उठून गड.


डॉक्टरकाका
मंगळवार, रात्री ८:५२

ईसीजी काढलात, उत्तम. पण विश्रांतीतला नॉर्मल ईसीजी म्हणजे सातबारा कोरा असं नाही. दम असाच राहिला तर फिजिशियनला दाखवून ट्रेडमिल टेस्टचं विचारा.

आणि तीन तास झोपून गड चढता, वर विचारता दम का लागतो?


निशिगंध
मंगळवार, रात्री ९:३०

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक्सेलच्या बाजूने दोन शब्द. झोप वेगळी आणि डोक्याचा थकवा वेगळा.

२००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. १६ माणसं. एका दिवशी त्यांना ९० मिनिटं संगणकावर एकाग्रतेचं किचकट काम दिलं. दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही दिवशी नंतर सायकलवर बसवलं, जोर एकच, थांबावंसं वाटेपर्यंत चालवायची. माहितीपटाच्या दिवशी सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणलेलं असताना ६४०.

मौज पुढे आहे. हृदय, फुप्फुसं, रक्तातलं लॅक्टेट यांत थकव्याचं कारण म्हणता येईल असा फरक सापडला नाही. फरक होता तो "किती जड वाटतंय?" या प्रश्नाच्या उत्तरात. पहिल्या मिनिटापासून त्यांना जड वाटत होतं, म्हणून नकोसं होण्याच्या रेषेपर्यंत ती लवकर पोचली.

हा प्रश्न विचारायची मोजपट्टीही छान आहे. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. ती ० ते १० नाही, ६ ते २० आहे. कारण निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की त्याची नाडी साधारण तेवढी निघते. सहा म्हणजे निवांत, ६०. वीस म्हणजे जीव गेला, २००.


जित्याची खोड
मंगळवार, रात्री ९:४४

हे सगळं शहरी चोचले. आमचे आजोबा वीस किलोमीटर चालत बाजाराला जायचे, त्यांना कुणी माहितीपट दाखवले नव्हते. आळस आलाय, दुसरं काही नाही. अजून जोर लावा, सुटेल.


ठाण्याची पळापळ
मंगळवार, रात्री ९:५८

@जित्याची खोड, आजोबा बाजाराहून आल्यावर ताणून झोपत असतील ना? तेही सांगा की.

अजून जोर लावून मी एका वर्षी नडगीच्या हाडाला बारीक तडा पाडून घेतला. सहा आठवडे बूट कपाटात. तो सल्ला कृपया देऊ नका.


पायवाट
मंगळवार, रात्री १०:०५

निशिगंध, वाचून बरं वाटलं. पण मग नाडी १५८ का? तुमच्या प्रयोगात नाडीत फरक नव्हता असं तुम्हीच म्हणता. आणि ऑडिट दर सप्टेंबरला असतं. गेल्या सप्टेंबरातही होतं.


निशिगंध
मंगळवार, रात्री १०:१२

बरोबर पकडलंत. माझेही चार आणे धरा.


मुळशीकर मावशी
बुधवार, सकाळी ७:१५

काल रात्री झोपताना वाचलं, तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे. मी तीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त.

पायवाट, तुम्ही पुण्यात राहता. तीन आठवड्यांपूर्वी म्हणजे गणपती नुकतेच गेलेले. मांडवात रक्तदान केलंत का?


पायवाट
बुधवार, सकाळी ९:०२

मावशी!!!

केलंय. आमच्या मंडळाचं शिबिर असतं. पिशवी भरली, कॉफी-बिस्किट, प्रमाणपत्र, स्टीलचा डबा. संध्याकाळी आरतीला उभा होतो. इतकं सवयीचं आहे की "काही वेगळं घडलं का" या प्रश्नात ते डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो, काही जाणवलं नाही.

पण मावशी, मी कॉलेजपासून रक्त देतोय. कधी दम लागला नाही.


मुळशीकर मावशी
बुधवार, सकाळी १०:३०

वर्षात कितीदा देता?


पायवाट
बुधवार, सकाळी १०:३४

पूर्वी एकदा. कोविडनंतर वाढवलं. या वर्षी २६ जानेवारीला सोसायटीत, जूनमध्ये ऑफिसात, आणि गणपतीत. नियमाप्रमाणे तीन महिन्यांचं अंतर प्रत्येक वेळी पाळलंय.


मुळशीकर मावशी
बुधवार, सकाळी ११:४५

आता नीट लिहिते. घाईत लिहिलं तर लोक रक्त द्यायचे बंद होतील.

शिबिरात बहुतेक वेळा ३५० मिलीची पिशवी असते. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेलात आणि काही वाटलं नाही. लाल पेशींना मात्र काही आठवडे लागतात. मधल्या काळात रक्त तेवढंच, पण पातळ. खुर्चीत बसणाऱ्याला ते कळतही नाही. जिना चढणाऱ्यालाही सहसा नाही. पण तुम्ही दर रविवारी शेवटच्या दमापर्यंत जाता. तिथे प्रत्येक ठोक्याबरोबर कमी ऑक्सिजन पोचतो, मग हृदय ठोके वाढवतं. हे तुमचे १५८.

हे झालं एका पिशवीचं. तिसरी पिशवी वेगळी. एका पिशवीबरोबर दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह जातं. आणि जेवणातून अंगी लागतं रोजचं एक-दोन मिलिग्रॅम, तेही सगळं शिलकीत पडत नाही. तुम्ही मांसाहार करत नसाल तर बेताचंच. गच्चीवरची टाकी समजा. नळाला पाणी येतंय तोवर टाकी किती रिकामी झाली ते कुणी वर चढून बघत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे नळ. टाकीचं नाव फेरिटिन.

सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही करा. नुसतं हिमोग्लोबिन करून येऊ नका.


बे एके बे
बुधवार, दुपारी १२:०३

मावशी, दंडवत. बारा आणे मिळाले.

अवांतर: १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी शर्यतीआधी बाहेरून रक्त चढवून घेतलं होतं. तेव्हा ते नियमात बसत होतं, पुढे बंदी आली. म्हणजे लोक जे चोरून अंगात भरतात ते पायवाट यांनी मांडवात देऊन टाकलं आणि वर ऑलिम्पिकचा वेळ काढायला गेले.


तळ्यात मळ्यात
बुधवार, दुपारी १२:२०

मला हा धागा पटत नाहीये. आधीच लोक रक्त द्यायला घाबरतात. आता कुणीतरी याचा स्क्रीनशॉट "रक्त दिल्याने अशक्तपणा येतो" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल. माझ्या वडिलांना बायपासच्या वेळी सात पिशव्या लागल्या होत्या. देणारे सगळे अनोळखी होते.


डॉक्टरकाका
बुधवार, दुपारी २:३०

तुमचा मुद्दा रास्त आहे. निरोगी माणसाने वर्षातून एक-दोनदा रक्त दिल्याने काहीही बिघडत नाही, हे मी सहीशिक्क्यानिशी लिहून देतो. मीही देतो. पण खरं सांगितल्याने दाते कमी होतात असं मला वाटत नाही. रक्त दिल्यावर दोन-तीन आठवडे गड-शर्यत जपून, वारंवार देत असाल तर अधूनमधून फेरिटिन बघा, एवढं शिबिरातच सांगितलं तर माणूस वर्षानुवर्षं देत राहील. दमून, घाबरून कायमचा बंद होणार नाही.

पायवाट, आणखी एक. पुरुषाचं लोह कमी निघालं तर फक्त रक्तदानावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. मूळव्याध, अ‍ॅसिडिटी, पेनकिलरच्या गोळ्या, काळी शी, असं काही आहे का हे तुमच्या डॉक्टरांना विचारू द्या. रिपोर्टआधी मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका.


गोदाकाठ
बुधवार, दुपारी ४:१०

वाचनमात्र होते, पण आता लिहितेच.

दोन वर्षांपूर्वी मीही अशाच शिबिरात गेले होते. तिथल्या ताईंनी बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब एका छोट्या ग्लासातल्या निळ्या पाण्यात सोडला. शेजारच्या काकांचा थेंब गोटीसारखा सरळ तळाला गेला. माझा थोडा खाली गेला, मध्येच थांबला, आणि हळूच वर येऊन तरंगत राहिला. ताई म्हणाल्या, "तुमचं घेता येणार नाही." मला वाटलं काहीतरी चुकलं, परत करा. दुसरा थेंबही तरंगला.

त्याआधी वर्षभर मी झुंबाच्या क्लासमध्ये मागच्या रांगेत सरकत सरकत भिंतीला टेकले होते. स्वयंपाकघरातून डबा भरून जिना चढला की कानात ठोके ऐकू यायचे. सगळ्यांनी सांगितलं, व्यायामाची सवय नाही, वजन कमी कर, चिकाटी ठेव. मी स्वतःला आळशी समजत होते. हिमोग्लोबिन निघालं ९.८.

त्या निळ्या पाण्याने जे सांगितलं ते वर्षभरात कुणी सांगितलं नाही.


मुळशीकर मावशी
बुधवार, दुपारी ४:४०

अगं, ते मोरचुदाचं पाणी. कॉपर सल्फेट. त्याची घनता अशी ठरवून ठेवतात की हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर असेल तरच थेंब बुडतो. हलकं रक्त तरंगतं. साधी गोष्ट आहे, वीजही लागत नाही. आता बऱ्याच ठिकाणी मशीन आलंय. मी हजारो थेंब बघितले असतील, आणि खरं सांगते, बायकांचे तरंगणारे थेंब बघून बघून वाईट वाटायचंही बंद झालं होतं.

देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. त्यातल्या किती जणींना "तू आळशी आहेस" असं ऐकावं लागत असेल.


ठाण्याची पळापळ
बुधवार, दुपारी ५:०५

गोदाकाठ, मिठी.

रच्याकने, बायकांच्या बाबतीत एक गोष्ट पुरुष ट्रेनर कधीच सांगत नाहीत. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वाढलेलं असतं, श्वासही थोडा वाढतो. दमट हवेत ते जाणवतं. सगळ्यांना सारखं नाही, काहींना अजिबात नाही. मी डायरीत पळण्याच्या वेळेशेजारी दिवस लिहायला लागले तेव्हा मला माझे "वाईट" रविवार ओळखू यायला लागले. त्या दिवशी वेग बघत नाही, नुसती पळते.


डेन्व्हरचा दगडू
बुधवार, रात्री ११:५० (तुमच्याकडे)

इथे शहरच १६०० मीटरवर. पुण्याहून आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात किराणा घेऊन दोन मजले चढलो आणि दारात बसलो. आई फोनवर म्हणाली, तूप खा. दोन-तीन आठवड्यांनी सरावलो. जास्तीच्या लाल पेशी बनवायला शरीर महिनोन्‌महिने घेतं, असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

म्हणजे रक्त तेच आणि हवा विरळ, ही माझी तऱ्हा. हवा तीच आणि रक्त विरळ, ही पायवाट यांची. गड दोघांनाही तेवढाच उंच.


खवट खोबरं
गुरुवार, सकाळी ८:००

दगडू आज कवी झाला. कुणीतरी धागा कुलूपबंद करा.


पायवाट
शनिवार, दुपारी १:१५

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १२.६. (पुरुषाला १३ च्या खाली म्हणजे कमी, असं काकांनी फोनवर सांगितलं.) जानेवारीतल्या ऑफिसच्या तपासणीत १४.१ होतं. फेरिटिन ११. लॅबवाल्याने आकड्याखाली ठळक रेघ मारलीय. बी-१२ पण कमी, ते शाकाहारी मंडळींचं ठरलेलं.

बारा-सहा बघून मला गंमत वाटली. म्हणजे मांडवात निळ्या पाण्यात सोडला असता तर माझा थेंब बुडलाच असता. कसाबसा.

डॉक्टरांनी पोटाचे सगळे प्रश्न विचारले, आणखी एक तपासणी सांगितलीय, मग गोळ्या. जेवणाबरोबरचा चहा बंद, तासभर मागे-पुढे. चहातला कषाय लोह अडवून ठेवतो म्हणे. हे ऐकून बायको म्हणाली, "मी वीस वर्षं सांगतेय जेवताना चहा पिऊ नका." वीस वर्षांपूर्वी तिला फेरिटिन माहीत होतं की नाही, हे विचारायची माझी हिंमत नाही.


कोल्हापुरी तांबडा
शनिवार, दुपारी १:३०

आमच्याकडे या. तांबड्या रश्श्याबरोबर मटण खाऊन फेरिटिन आठवड्यात शंभर.


डॉक्टरकाका
शनिवार, दुपारी १:४८

आठवड्यात नाही होत. पण मांसातलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं हे खरं. शाकाहाऱ्यांनी उसळीवर लिंबू पिळावं. आपल्या आज्या पिळायच्याच.

गोळ्या सुरू झाल्या की शी काळी होईल, घाबरून फोन करू नका. हिमोग्लोबिन लवकर चढेल, टाकी भरायला तीन-चार महिने. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.


पायवाट
डिसेंबर, दुसरा रविवार, सकाळी ११:२०

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

पोटाची तपासणी स्वच्छ आली. दोन महिने गोळ्या झाल्या. मधले पाच रविवार गड केलाच नाही, खडकवासल्याच्या कडेने सपाटीवर चाललो. सहाव्या रविवारी गेलो ते घड्याळ घरी ठेवून. आजोबा भेटले. "दिसला नाहीत?" म्हणाले. सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, मी पासष्टीपर्यंत द्यायचो रक्त. आणि रक्त दिल्यावर महिनाभर गडावर यायचो, पण बाकड्यापाशी थांबायचो, सरबत प्यायचो आणि खाली जायचो.

चार वर्षं मला मागे टाकणाऱ्या माणसाने हे आधी सांगितलं असतं तर! पण मीही कधी विचारलं नव्हतं. मी फक्त त्यांच्या पाठीकडे बघत चढायचो.

आज घड्याळ लावलं. ५७ मिनिटं. हवा थंड, कोरडी, त्यामुळे बे एके बे यांचे चार आणे यात धरायचे. ऑडिट नाही, निशिगंध यांचेही धरा. त्या वळणावर १४७.


मुळशीकर मावशी
डिसेंबर, दुसरा रविवार, दुपारी १२:०५

छान झालं. पुढचं रक्तदान?


पायवाट
डिसेंबर, दुसरा रविवार, दुपारी १२:११

तीन महिने आत्ताच झालेत, पण मंडळाच्या पोरांना सांगितलंय की या २६ जानेवारीला मी नाही. फेरिटिन परत बघून पुढच्या गणपतीला. वर्षातून एकदाच. आणि त्यानंतरचे तीन रविवार पर्वती. १०३ पायऱ्या, तेवढ्या बास.


कोल्हापुरी तांबडा
डिसेंबर, दुसरा रविवार, दुपारी १२:१४

पण पर्वतीवर पिठलं-भाकरी कुठली मिळणार हो?